महिन्यापूर्वी कार्डिओग्राम चांगला होता, मग झटका कसा आला?

२०२५ च्या जून-जुलैमध्ये कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातून तरुण आणि मध्यमवयीन माणसांच्या अचानक मृत्यूच्या बातम्या लागोपाठ येऊ लागल्या, तेव्हा म्हैसूर आणि बंगळूर येथील जयदेव हृदयरोग संस्थेत तपासणीसाठी लोकांची झुंबड उडाली. कोणी कोविडच्या लशीला दोष दिला, कोणी आणखी कशाला. राज्य सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीला या मृत्यूंचा कोविडच्या संसर्गाशी किंवा लशीशी संबंध आढळला नाही. तिने बोट दाखवले ते रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि वाढलेले कोलेस्टेरॉल या जुन्याच कारणांकडे. एवढ्याने कोणाचे समाधान झाले नसावे, कारण अशा प्रत्येक मृत्यूनंतर घरचे लोक एकच प्रश्न विचारतात आणि तो अगदी रास्त असतो: गेल्याच महिन्यात कार्डिओग्राम काढला होता, डॉक्टरांनी सगळे ठीक आहे म्हणून सांगितले होते, मग हे झाले कसे? बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतही हा प्रश्न काही नवा नाही. त्याचे उत्तर नीट समजले की हृदयविकाराची बरीचशी गुंतागुंत आपोआप सुटते.

रक्तवाहिनीच्या भिंतीत काय चालते

हृदय म्हणजे साधारण मुठीएवढा स्नायू. तो दिवसभरात सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतो आणि माणूस स्वस्थ बसलेला असतानाही मिनिटाला पाचेक लिटर रक्त शरीरभर पाठवतो. आपल्या पोकळीतून एवढे रक्त जात असले तरी या स्नायूला स्वतःचे पोषण त्यातून फारसे मिळत नाही. त्यासाठी त्याच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या स्वतंत्र रक्तवाहिन्या असतात आणि त्यांची रुंदी जेमतेम तीन-चार मिलिमीटर असते. हार्ट अटॅक, म्हणजे हृदयविकाराचा झटका, बहुतेक वेळा या लहानशा वाहिन्यांत घडतो.

या वाहिन्यांना आतून अतिशय नाजूक अस्तर असते. वाढलेला रक्तदाब, रक्तातली जास्तीची साखर आणि तंबाखूतून येणारी रसायने या अस्तराला वर्षानुवर्षे इजा करत राहतात. इजा झालेल्या जागेतून एलडीएल नावाचे, लोक ज्याला ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतात ते, भिंतीच्या आत शिरते. त्याचा निचरा करायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे पोहोचतात, पण कोलेस्टेरॉलने लडबडून स्वतःच तिथे अडकून पडतात. अशी चरबी, मृत पेशी आणि तंतू मिळून भिंतीत जो थर तयार होतो त्याला प्लाक म्हणतात. ही प्रक्रिया म्हातारपणी सुरू होते असे समजण्याचे कारण नाही. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या, सरासरी बावीस वर्षांच्या तीनशे अमेरिकन सैनिकांच्या हृदयाची तपासणी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतल्या तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांच्या रक्तवाहिन्यांत या विकाराच्या खुणा आढळल्या होत्या. त्यांतल्या कोणाला छातीत कधी कळही आली नसेल.

इथपर्यंत ऐकले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गाळ साचून हळूहळू बुजत जाणारा पाइप उभा राहतो. डॉक्टरही घाईत असले की तोच दाखला देतात. मला तो निम्माच खरा वाटतो आणि उरलेल्या निम्म्याने त्याने बरीच फसगत केली आहे. प्लाक हा भिंतीवर बसलेला गाळ नसून भिंतीच्या आत पिकणाऱ्या गळवासारखा असतो. गळू केवढे मोठे आहे यापेक्षा त्याच्यावरची कातडी किती पातळ झाली आहे यावर ते केव्हा फुटणार हे ठरते. प्लाकचेही तसेच असते. मोठा, जुना, घट्ट झालेला प्लाक वाहिनीची वाट सत्तर-ऐंशी टक्के अडवूनही वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो, आणि वाट निम्मीसुद्धा न अडवणारा, पण मऊ चरबीने भरलेला व पातळ आवरणाचा प्लाक एखाद्या पहाटे अचानक फुटतो. फुटल्यावर आतला ऐवज रक्ताच्या संपर्कात येतो, जखम झाली असे समजून रक्त तिथे गोठू लागते आणि काही मिनिटांत गुठळी पूर्ण वाट बंद करते. गुठळीच्या पलीकडचा हृदयाचा स्नायू त्या क्षणापासून उपाशी पडतो.

म्हणूनच महिन्यापूर्वीचा कार्डिओग्राम चांगला असू शकतो आणि तो काढणाऱ्याचीही काही चूक नसते. कार्डिओग्राम म्हणजे ईसीजी हा हृदयातल्या विजेच्या लहरींची त्या दहा-पंधरा सेकंदांपुरती नोंद करतो. त्या वेळी स्नायूला रक्त पुरेसे मिळत असेल तर भिंतीत काय पिकते आहे याचा त्याला पत्ता नसतो. पट्ट्यावर चालवून घेतली जाणारी स्ट्रेस टेस्टही वाट बरीच अरुंद झाली असेल तरच बहुधा बोलते. वाट मोकळी आहे एवढेच या तपासण्या सांगतात. भिंत निरोगी आहे, असे त्या म्हणत नाहीत.

मग तपासण्या करायच्याच नाहीत का?

करायच्या, पण वेगळ्या. प्लाक फुटण्याचा दिवस कोणत्याही यंत्रातून कळत नसला, तरी तो ज्यांमुळे तयार होतो ती कारणे स्वस्तात मोजता येतात: रक्तदाब, साखर आणि एलडीएल. तंबाखू मोजायला तर यंत्रही लागत नाही, खरे उत्तर दिले की झाले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बावन्न देशांतल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात असे दिसून आले की पहिल्या झटक्याचा नव्वद टक्क्यांच्या आसपासचा धोका नऊ मोजता येण्याजोग्या घटकांशी जोडता येतो. त्यांत कोलेस्टेरॉलमधला बिघाड आणि धूम्रपान हे सर्वांत वजनदार ठरले. मधुमेह, रक्तदाब, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांची कमतरता आणि व्यायामाचा अभाव हे त्यांच्यामागून आले. आपल्यासाठी त्यातली आणखी एक बाब महत्त्वाची आहे. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी आला होता, तर इतर देशांतल्या लोकांना एकोणसाठच्या सुमारास. पन्नाशी उलटल्यावर बघू, असे म्हणायला आपल्याकडे सवड नाही.

रक्तदाब कसा मोजला यावर आकडा बराच अवलंबून असतो. बसस्थानकावरून धावत येऊन, गर्दीत उभ्या-उभ्या मोजलेल्या बीपीला फारसा अर्थ नाही. पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसावे, त्याआधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू घेऊ नये, लघवी तुंबलेली नसावी, दंड हृदयाच्या पातळीवर असावा आणि दोनदा मोजावे. अशा पद्धतीने वेगवेगळ्या दिवशी दवाखान्यात वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० याहून वर राहिला तर तो उच्च रक्तदाब होय. ‘मला बीपीचा काहीच त्रास नाही’ हे वाक्य याबाबत निरुपयोगी आहे, कारण बहुतेकांना तो त्रास देतच नाही.

‘मी शेतात राबतो, मला कसला हृदयविकार?’

खानापूर तालुक्यात भातलावणी करणाऱ्या किंवा चिक्कोडीकडे ऊस तोडणाऱ्या माणसाला चालण्याचा व्यायाम सांगणे हास्यास्पद आहे, हे मान्यच करायला हवे. अंगमेहनतीचा फायदा खराच असतो. पण तो तंबाखूचे नुकसान भरून काढत नाही. निपाणीच्या परिसरात तर तंबाखूवर पिढ्यान्‌पिढ्या संसार चालले आहेत. पीक शेतात, माल वखारीत आणि विडी वळणाऱ्या बायका घरोघर, असे सारे अर्थकारण तिच्याभोवती फिरले. जे पोट भरते ते जीव घेईल असे सांगितले तर कोणाला पटकन पटत नाही आणि त्यात काही नवल नाही. तरीही विडी सिगारेटपेक्षा सौम्य असते हा समज चुकीचा आहे, आणि धूर न काढता नुसती चुन्याबरोबर मळलेली तंबाखू हृदयाला निरुपद्रवी असते हाही. इंटरहार्टच्या आकडेवारीत तंबाखू चघळणाऱ्यांमध्ये झटक्याचा धोका दुपटीहून थोडा जास्तच दिसला होता.

तंबाखूचा मार फक्त हृदयाला बसतो असेही नाही. चालताना ठरावीक अंतरावर पोटरीत गोळा येतो, थांबले की बरे वाटते, पुन्हा चालले की पुन्हा येतो. हे बऱ्याचदा वात किंवा अशक्तपणा म्हणून सोडून दिले जाते. प्रत्यक्षात ती पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची खूण असू शकते. विडी ओढणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या पुरुषांना होणारा बर्जर नावाचा एक आजार तर पायाची बोटे काळी पडून ती कापण्यापर्यंत जातो. त्याच्यावर तंबाखू पूर्ण बंद करण्याइतका प्रभावी उपाय दुसरा नाही. दिवसाला दोनच विड्या, अशी तडजोड तिथे चालत नाही. दिलासा देणारी गोष्ट अशी की तंबाखूचा धूर सोडल्यावर वर्षभरातच हृदयविकाराचा जास्तीचा धोका साधारण निम्म्यावर येतो.

खाण्याबद्दल थोडक्यात. बेळगावी कुंदा किंवा गोकाकचा करदंट सणासुदीला खाल्ल्याने कोणाचे हृदय बंद पडत नाही. रोजच्या ताटातले मीठ अधिक विचार करण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी मीठ पुरेसे मानले आहे आणि भारतीय माणूस त्याहून बरेच जास्त खातो. त्यातले काही लोणचे, पापड, सांडगी मिरची, फरसाण आणि सुकी मासळी यांतून येते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांनी बाजारातले पोटॅशियमयुक्त ‘लो सोडियम’ मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

झटका, हृदय थांबणे आणि हृदय दुबळे होणे

बातम्यांत आणि बोलण्यात या तिन्ही गोष्टी एकच समजल्या जातात. झटक्यात हृदयाच्या एका भागाचा रक्तपुरवठा बंद होतो. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, घामाघूम होतो, बोलतो आणि त्याच्याकडे उपचारासाठी काही तास असतात. हृदय थांबणे, म्हणजे कार्डिॲक अरेस्ट, यात विजेचा ताल बिघडून ठोके निरर्थक थरथरीत बदलतात. माणूस जागच्या जागी कोसळतो, हाक मारली तरी उत्तर देत नाही, श्वास थांबतो किंवा आचके लागतात. चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते, त्यामुळे रुग्णवाहिकेची वाट पाहत बसणे पुरेसे नसते. जवळच्या माणसाने दोन्ही हातांनी छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, किमान पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. बरगडी मोडेल ही भीती खरी असली तरी मोडलेली बरगडी जुळते. मोठा झटका हे हृदय थांबण्याचे एक प्रमुख कारण आहे, म्हणून दोन्हींची गल्लत होते. अगदी तरुण माणसांत मात्र हृदयाच्या स्नायूचा जन्मजात दोष किंवा तालाचा आनुवंशिक विकारही कारणीभूत असू शकतो. घरात कोणी चाळिशीच्या आत असे अचानक गेले असेल तर रक्ताच्या नात्यातल्यांनी तपासून घ्यावे.

तिसरी अवस्था, हार्ट फेल्युअर, ही संथ असते. स्नायू दुबळा किंवा कडक होतो, पायांवर सूज येते, उताणे झोपले की दम लागतो, तीन-चार दिवसांत दोन किलो वजन वाढते. हे वजन चरबीचे नसते, पाण्याचे असते. आज यावर चांगली औषधे आहेत आणि ती घेणारे पुष्कळ जण वर्षानुवर्षे कामधंदा करतात.

छातीत दुखू लागले तर बेळगावला जायचे की कोल्हापूरला?

वाहिनी पूर्ण बंद झाल्यावर अर्ध्या तासाच्या आतबाहेर स्नायू मरायला सुरुवात होते आणि सहा ते बारा तासांत होण्यासारखे बहुतेक नुकसान होऊन जाते. सीमाभागात या वेळेचा बराचसा भाग दोन कारणांनी वाया जातो. पहिले कारण गॅस. पोटाच्या वरच्या भागात जळजळ झाली की सोडा प्यायचा, ओव्याची फक्की मारायची, ॲसिडिटीची गोळी घ्यायची आणि सकाळपर्यंत बघायचे. खरोखरच पित्त असले तर काही बिघडत नाही, पण हृदयाच्या खालच्या भागाचा झटका पोटाच्या त्याच जागी दुखतो. छातीवर दडपण, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, थंड घाम, उलटी, विनाकारण धाप यांपैकी काही वीस मिनिटे टिकले तर गॅस आहे हे कार्डिओग्रामनंतर ठरवावे. बायकांत, वृद्धांत आणि मधुमेहींत छाती न दुखता नुसता थकवा व दम एवढेच दिसू शकते.

दुसरे कारण म्हणजे मोठ्या दवाखान्याची ओढ. निपाणीहून कोल्हापूर, कागवाड-अथणीकडून मिरज, खानापूर-नंदगडहून बेळगाव असे आपले ठरलेले रस्ते आहेत; नातेवाईक तिकडे असतात, भाषा कळते, ओळखीचे डॉक्टर असतात. ठरवून करायच्या उपचारांसाठी हे अगदी योग्य आहे. झटक्यात मात्र पहिला थांबा जिथे कार्डिओग्राम निघतो ते सर्वांत जवळचे ठिकाण असावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत सर्वाधिक काम करते. नळीतून फुगा नेऊन वाहिनी उघडण्याची सोय, म्हणजे अँजिओप्लास्टी, दोन तासांत मिळणार असेल तर ती अधिक चांगली. तेवढ्यात मिळणार नसेल तर आधी इंजेक्शन आणि मग पुढचा प्रवास, हा जगभर मान्य असलेला क्रम आहे. कर्नाटक सरकारने अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या नावाने सुरू केलेल्या हृदय ज्योती योजनेत नेमके हेच केले जाते. पुनीत २०२१ च्या ऑक्टोबरात वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी गेले. या योजनेत तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात काढलेला कार्डिओग्राम मोठ्या केंद्रातले तज्ज्ञ पाहतात आणि झटका ठरला तर टेनेक्टेप्लेज हे हजारो रुपयांचे इंजेक्शन तिथल्या तिथे मोफत दिले जाते. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात ही सोय सुरू आहे का, याची चौकशी आजारी पडण्याआधी एकदा करून ठेवावी.

कणकुंबी-जांबोटीकडच्या किंवा भीमगडच्या जंगलातल्या वस्त्यांवर ‘सर्वांत जवळचे’ हा शब्दही थट्टा वाटू शकतो. पावसाळ्यात आजाऱ्याला खांद्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते, तिथे वैद्यकशास्त्राचे वेळापत्रक चालत नाही आणि त्याचा दोष त्या माणसांचा नाही. तरी १०८ ला फोन आधी करून मग निघावे, म्हणजे गाडी रस्त्यावर येऊन थांबते. रुग्णाला चालवू नये. ॲस्पिरिनची ॲलर्जी, पोटातला रक्तस्राव किंवा लकव्याची लक्षणे नसतील तर ३०० मिलिग्रॅम साधी ॲस्पिरिन चावून खायला द्यावी. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी मात्र शेजाऱ्याकडून मागून आणून देऊ नये. रक्तदाब आधीच उतरला असेल तर ती घातक ठरते.

आणखी एक गोष्ट खास आपल्याकडची. केसपेपर कन्नड किंवा इंग्रजीत, रुग्ण मराठीत बोलणारा आणि गाडी कधी या राज्यात तर कधी त्या, अशा धावपळीत जुना इतिहास हरवतो. चालू गोळ्यांच्या पाकिटांचा आणि शेवटच्या कार्डिओग्रामचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये असावा. जुना कार्डिओग्राम भविष्य सांगत नसला तरी नव्याशी ताडून पाहायला डॉक्टरांना फार उपयोगी पडतो.

लकवा आणि इतर

मेंदूच्या वाहिनीत असेच घडले की लकवा होतो. तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोलणे अडखळणे ही त्याची लक्षणे. गुठळीमुळे झालेल्या लकव्यावर साडेचार तासांच्या आत इंजेक्शन देता येते. पण पाचपैकी एखादा लकवा वाहिनी फुटूनही होतो, म्हणून आधी सीटी स्कॅन लागतो आणि घरून ॲस्पिरिन देऊ नये. झाडपाल्याचे औषध घेण्यासाठी दूरच्या गावी जाण्याची जी पद्धत आहे, तिच्यात हेच साडेचार तास जातात.

बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या मागांवर तासन्‌तास उभे राहणाऱ्यांच्या पायांवर फुगणाऱ्या निळ्या शिरा हा वेगळा प्रकार आहे. तो अशुद्ध रक्ताच्या नीलांतल्या झडपांचा दोष असतो आणि त्यातून झटका येत नाही. शाळकरी मुलांत मात्र घसा सुजून नंतर सांधे दुखू लागले आणि ताप आला तर दुर्लक्ष करू नये. संधिवाताच्या या तापाने हृदयाच्या झडपा खराब होतात आणि ते पुष्कळदा मुलगी गरोदर राहिल्यावर, दम लागू लागल्यावरच कळते. दर तीन-चार आठवड्यांनी दिले जाणारे पेनिसिलिनचे इंजेक्शन हा त्रास पुढे वाढू देत नाही.

‘ब्लॉकेज सांगितले, मग स्टेंट का बसवत नाहीत?’

गळवाची गोष्ट लक्षात ठेवली तर याचेही उत्तर मिळते. झटका चालू असताना बंद वाहिनी उघडणे जीव वाचवते. पण केवळ चढ चढताना छाती भरून येते आणि बाकी प्रकृती स्थिर आहे, अशा रुग्णांत अरुंद जागी स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी जाळीदार नळी, बसवल्याने पुढचे झटके किंवा मृत्यू कमी होतात का, हे २००७ च्या ‘करेज’ आणि २०२० च्या ‘इस्केमिया’ या मोठ्या चाचण्यांत तपासले गेले. चांगल्या औषधोपचाराच्या तुलनेत तसा फरक दिसला नाही. छातीचा त्रास मात्र स्टेंटने कमी होतो. कारण उघड आहे. स्टेंट एका जागेची वाट मोकळी करतो, तर स्टॅटिनची गोळी एलडीएल उतरवून सगळ्याच वाहिन्यांतल्या प्लाकचे आवरण घट्ट करायला मदत करते. मुख्य डाव्या वाहिनीत अडथळा असेल किंवा हृदयाचा जोर कमी झाला असेल तर हिशेब बदलतो आणि बायपासही लागू शकतो. गोळ्यांवर भागेल असे सांगणारा डॉक्टर कमी शिकलेला आहे असे समजू नये. तो बहुधा या चाचण्या वाचलेला असतो.

‘गोळी एकदा सुरू झाली की जन्माची लागते’

बहुधा हो, जसा चष्मा लागतो तसा. सवय लागते म्हणून नव्हे, तर मूळ कल कायम राहतो म्हणून. रक्तदाबाची गोळी बंद केली की काही दिवसांत आकडा पुन्हा चढतो. स्टॅटिनमुळे काहींचे स्नायू दुखतात, यकृताला होणारी गंभीर इजा अगदी विरळ असते, आणि त्रास झाला तर मात्रा किंवा औषध बदलता येते. जनऔषधी केंद्रात यांतल्या बहुतेक गोळ्या कमी दरात मिळतात.

सर्वांत काळजी स्टेंट बसवलेल्यांनी घ्यावी. झटक्यानंतर रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर घ्याव्या लागतात आणि त्या मध्येच थांबवल्यास स्टेंटच्या आतच गुठळी होऊ शकते. दात काढायचा असेल, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया असेल तरी त्या परस्पर बंद करू नयेत, आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करावा. एकादशीच्या उपवासात किंवा पायी वारीत मधुमेहाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांची मात्रा बदलावी लागू शकते, म्हणून ती डॉक्टरांकडून निघण्याआधीच लिहून घ्यावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र उपवासालाही घ्यायच्याच असतात आणि पोटाला त्रास होऊ नये म्हणून त्या थोडेसे उपवासाचे खाऊन घ्याव्यात.